पांढरी पावडर खरंच ‘नॅनो’ आहे का? दोन आलेखांतून उत्तर काढूया

माळेगाव बुद्रुकच्या माणसाला स्फटिक म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. गावच्या सहकारी साखर कारखान्यात गळीत हंगामात रात्रंदिवस तेच चाललेलं असतं. उसाच्या रसाचा पाक करायचा, तो पॅनमध्ये कमी दाबाखाली आटवायचा, आणि पाकात साखर मावेनाशी झाली की त्यात अगदी बारीक साखरेचं ‘बी’ सोडायचं. पाकातली साखर मग त्या बियांवर चढत जाते आणि दाणा वाढतो. पॅनमनचं खरं कसब असतं ते मध्येच नवीन बी आपोआप पडू न देण्यात. तसं पडलं तर भुकटीसारखे असंख्य बारीक दाणे तयार होतात. कारखान्यात त्याला ‘फॉल्स ग्रेन’ म्हणतात. ते सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातात, म्हणजे शुद्ध नुकसान.

नॅनोकण बनवणाऱ्याला नेमका हाच फॉल्स ग्रेन हवा असतो! एकाच वेळी प्रचंड संख्येने बी पडलं पाहिजे, आणि एकाही दाण्याला मोठं व्हायला माल उरता कामा नये. नियम दोन्हीकडे तेच, फक्त हेतू उलटा. आपल्या घरातल्या साखरेचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा धरला, तर २५ नॅनोमीटरचा कण त्याच्या ४० हजाराव्या भागाएवढा असतो.

या लेखात आपण झिंक ऑक्साइड हा एकच पदार्थ घेणार आहोत. टायटॅनियम डायऑक्साइड, कॉपर ऑक्साइड, आयर्न ऑक्साइड हेही याच कुळातले. पण पुणे जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात एमएस्सी फिजिक्स किंवा केमिस्ट्रीच्या प्रोजेक्टची यादी बघा, झिंक ऑक्साइड त्यात सापडेलच. स्वस्त आहे, पाण्यात बनतं, आणि साध्या भट्टीवर काम होतं. माझं रोजचं काम कोड लिहिण्याचं. मला या विषयात रस आला तो त्यातल्या डेटामुळे. कारण बनवणं सोपं आहे. आपण जे बनवलं ते खरंच नॅनो आहे का, हे सिद्ध करणं हा यातला अवघड भाग आहे.

आधी बनवूया

सर्वात प्रचलित पद्धत म्हणजे को-प्रेसिपिटेशन, मराठीत सहअवक्षेपण. १०० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण २.२ ग्रॅम झिंक ॲसिटेट विरघळवायचं. दुसऱ्या बीकरमध्ये १०० मिलिलीटर पाण्यात ०.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा. पहिलं द्रावण मॅग्नेटिक स्टररवर ६० अंशांच्या आसपास गरम करत फिरवत ठेवायचं आणि दुसरं त्यात थेंब थेंब सोडायचं. प्रत्येक थेंबासरशी पांढरा गाळ दिसायला लागतो.

इथेच कारखान्याच्या पॅनमध्ये आणि या बीकरमध्ये फरक पडतो. साखर पाण्यात भरपूर विरघळते, त्यामुळे पाक सावकाश आटवत नेता येतो. झिंक हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते तयार झालं त्या क्षणी द्रावणात ‘मावेनासं’ झालेलं असतं, आणि जागोजागी एकदम बी पडतं. कॉस्टिक मात्र मापात हवा. सढळ हाताने घातला तर झिंकेट तयार होऊन गाळ पुन्हा विरघळायला लागतो.

गाळ पाण्याने आणि मग इथेनॉलने दोन-तीनदा धुवायचा, ८० अंशांवर वाळवायचा आणि मफल फर्नेसमध्ये ४०० अंशांवर दोन तास भाजायचा. हायड्रॉक्साइडमधलं पाणी निघून जातं आणि ऑक्साइड उरतं. तापमान वाढवलं की शेजारचे दाणे एकमेकांत मुरून मोठे होतात, त्यामुळे ६०० अंशांवर भाजलेला नमुना ४०० वाल्यापेक्षा जाड निघतो. भट्टीतून काढताना पावडर पिवळसर दिसली तर घाबरू नका, थंड झाली की पांढरी होते. झिंक ऑक्साइडची ती जुनी सवय आहे. (हातमोजे, गॉगल आणि मास्क लावूनच, आणि प्रयोगशाळेतच. कॉस्टिक डोळ्यात गेला तर मजा नाही, आणि इतकी बारीक धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नसते.)

एवढ्या खटाटोपातून हाती येतं जास्तीत जास्त ०.८ ग्रॅम. पाव चमचासुद्धा नाही. पण कण २४ नॅनोमीटरचे असतील, तर एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग साधारण ४५ चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. तेच एक मायक्रॉनचे दाणे असतील तर एका ग्रॅमला एक चौरस मीटरच्या आसपास. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते, म्हणून लोक नॅनोच्या मागे लागतात. बाकी जाहिराती सोडून द्या.

डोळ्यांवर विश्वास का ठेवायचा नाही

आता तुमच्यासमोर पांढरी पावडर आहे. मेडिकलमध्ये मिळणारं साधं झिंक ऑक्साइडही पांढरंच असतं. क्रिकेटपटू नाकावर फासतात ते तेच. मोठ्या कणांवरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. कण खूप लहान आणि सुटे सुटे असतील तर दृश्य प्रकाश त्यांच्यातून पार निघून जातो, अतिनील किरण मात्र अडतात. म्हणूनच नॅनो झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन चेहऱ्यावर चुना फासल्यासारखं दिसत नाही.

पण कोरडी नॅनो पावडरसुद्धा पांढरीच दिसते. कारण वाळल्यावर कण एकमेकांना चिकटून मोठाले गोळे होतात आणि प्रकाश त्या गोळ्यांवरून विखुरतो. थोडक्यात, रंग बघून काहीच ठरत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाचाही उपयोग नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्या मापाने २४ नॅनोमीटरची वस्तू बघता येत नाही.

जे दिसत नाही ते मोजायची सवय आपल्याकडे आहे, बरं का. ऊस तोडायच्या आधी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स बघतात, तेव्हा रसातली साखर कुणाला दिसत नाही. प्रकाश किती वाकला एवढंच दिसतं, आणि त्यावरून आकडा काढला जातो. कारखान्याच्या लॅबमधल्या पोलॅरिमीटरचंही तेच. नॅनोकणांसाठी असे दोन आकडे लागतात: एक रचनेचा, तो एक्स-रेमधून, आणि एक प्रकाशाचा, तो स्पेक्ट्रोमीटरमधून.

पहिला आलेख: एक्स-रे डिफ्रॅक्शन

स्फटिकात अणू ओळींमध्ये लावलेले असतात, वावरात सरी पाडून लावलेल्या उसासारखे. चालत्या गाडीतून उसाकडे बघितलं तर ठरावीक कोनातच सरी आरपार दिसतात, तसेच एक्स-रे ठरावीक कोनांतच जोरात परावर्तित होतात. तांब्याच्या ट्यूबमधून येणाऱ्या एक्स-रेची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर असते. नमुना फिरवत प्रत्येक कोनाला किती किरण आले ते मोजायचं. मशीन तुम्हाला दोन कॉलमची साधी टेक्स्ट फाइल देतं, कोन आणि काउंट. २० ते ८० अंश, ०.०२ च्या पायरीने, म्हणजे ३००१ ओळी.

झिंक ऑक्साइडची ओळख पटवणारी शिखरं ३१.८, ३४.४ आणि ३६.२५ अंशांच्या आसपास येतात, पुढे ४७.५, ५६.६, ६२.९ आणि अशीच काही. हा वुर्टझाइट नावाचा षटकोनी साचा आहे. सगळी शिखरं जागेवर असतील आणि अनोळखी एकही नसेल, तर पदार्थ झिंक ऑक्साइडच आहे. एखादं उपरं शिखर दिसलं तर बहुधा धुणं नीट झालं नाही किंवा भाजणं अर्धवट राहिलं.

ही झाली ओळख. आकार कळतो तो शिखराच्या रुंदीवरून. स्फटिक मोठा असेल तर शिखर सुईसारखं टोकदार, लहान असेल तर पसरट. दहा-वीस ओळींचा ऊस आणि हजार ओळींचा ऊस यात आरपार दिसण्याचा कोन कुठे जास्त नेमका असेल? हजारवाल्यात. स्विस शास्त्रज्ञ पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये याचं सूत्र दिलं. शब्दांत सांगायचं तर: ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले शिखराची रुंदी आणि कोनाचा कोसाइन यांचा गुणाकार. रुंदी शिखराच्या निम्म्या उंचीवर मोजायची.

समजा ३६.२५ अंशांवरच्या शिखराची रुंदी ०.३५ अंश आली. गणित केलं की उत्तर येतं २३.९ नॅनोमीटर. छान. पण इथे थांबून जरा बघूया, कारण प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये सर्वात जास्त घोळ याच ओळीत होतात.

रुंदी रेडियनमध्ये हवी. अंशातच ठेवली तर उत्तर ०.४२ नॅनोमीटर येतं. झिंक ऑक्साइडच्या एका युनिट सेलची उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे. म्हणजे विटेपेक्षा घर लहान! ही चूक निदान ओरडून सांगते. दुसरी चूक गुपचूप बसते: आलेखावरचा कोन हा सूत्रातल्या कोनाच्या दुप्पट असतो, तो निम्मा करायचा राहिला तर उत्तर २८ नॅनोमीटर. आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो आणि परीक्षकाच्याही नजरेतून सुटतो. एक्सेल आणि पायथॉन दोन्हींच्या कोसाइनला रेडियन लागतात, तिथे अंश टाकले तर तिसरंच काहीतरी निघतं, एररही येत नाही. आमच्या धंद्यात यालाच सर्वात वाईट बग म्हणतात.

शिवाय मशीनची स्वतःची रुंदी असते. आदर्श स्फटिक ठेवला तरी शिखर अगदी सुई होत नाही. ती रुंदी ०.१ अंश धरली आणि एका रीतीने वजा केली तर आपले २४ नॅनोमीटर २५ होतात. दुसऱ्या रीतीने वजा केली तर ३३ होतात. कुठली रीत बरोबर, हे शिखराचा आकार गॉसियन आहे की लॉरेंझियन यावर ठरतं. दाण्यात ताण असेल तरीही शिखर पसरतं. तो वेगळा काढायला सगळ्या शिखरांची रुंदी एकत्र मांडून विल्यमसन-हॉल प्लॉट काढावा लागतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘२३.८७६ नॅनोमीटर’ असं तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. ‘साधारण २५ ते ३०’ हे जास्त प्रामाणिक.

आणखी एक गोष्ट. शेररचं सूत्र कणाचा आकार देत नाही, स्फटिकाचा देतं. इंदापूरच्या बाजारात डाळिंब घ्या. एक्स-रे मोजतात ते आतले दाणे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली (एसईएम) जे दिसतं ते बहुतेकदा अख्खं फळ, म्हणजे दाण्यांचा घट्ट बसलेला गोळा. पाण्यात ढवळून लेझरने मोजणारं डीएलएस नावाचं यंत्र तर फळ आणि त्याभोवती चिकटून फिरणारं पाणी असं सगळं मिळून मोजतं. एकाच नमुन्याला एक्स-रे २५ सांगतील आणि डीएलएस २५० सांगेल, आणि दोघंही खरं बोलत असतील. दाणे वेगवेगळे बघायचे असतील तर ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (टीईएम) लागतो, आणि त्यातही शंभर-दोनशे कण मोजल्याशिवाय सरासरीला अर्थ नाही.

दुसरा आलेख: प्रकाश कुठे अडतो

झिंक ऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनला खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला ठरावीक ऊर्जा लागते, तिला बँड गॅप म्हणतात. सायंकाळच्या एसटीला दारात पायरीच नसेल आणि उडी मारूनच चढायचं असेल, तसं. अर्धी उडी चालत नाही. प्रकाशाच्या कणात तेवढी ऊर्जा असेल तर तो शोषला जातो, नसेल तर पार जातो. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० ला या आकड्याने भागलं की तरंगलांबी मिळते, ३६८ नॅनोमीटर. हे दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, अतिनीलमध्ये येतं. सनस्क्रीनचं सगळं गणित एवढंच.

यूव्ही-व्हिज स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश अडला ते सांगतो. त्यावरून बँड गॅप काढायला टाउक प्लॉट वापरतात. यान टाउक यांनी सहकाऱ्यांसोबत ही रीत १९६६ मध्ये मांडली, तीही अस्फटिकी जर्मेनियमसाठी; आपण ती सर्रास स्फटिकांना लावतो. झिंक ऑक्साइडचा गॅप ‘डायरेक्ट’ प्रकारचा, म्हणून शोषण आणि ऊर्जा यांच्या गुणाकाराचा वर्ग उभ्या अक्षावर, ऊर्जा आडव्या अक्षावर. वक्राचा सरळ चढ शोधायचा, त्यावर रेघ मारायची, ती आडव्या अक्षाला जिथे टेकेल तो गॅप.

‘सरळ चढ शोधायचा’ हे तीन शब्द सर्वात धोक्याचे. कुठल्या बिंदूपासून कुठपर्यंत रेघ मारायची हे माणूस ठरवतो, आणि हवं ते उत्तर डोक्यात असेल तर रेघ आपोआप तिकडे कलते. त्यात पावडर पाण्यात ढवळून मोजली तर विखुरलेला प्रकाशही मशीन ‘शोषलेला’ म्हणून मोजतं आणि आलेखाचा तळ वर उचलला जातो. पावडरसाठी डिफ्यूज रिफ्लेक्टन्स मोजून कुबेल्का-मुंक सूत्राने बदलून घेणं चांगलं. कोणत्याही रीतीने केलं तरी निवडलेला पट्टा रिपोर्टमध्ये सांगावा, म्हणजे दुसऱ्याला तीच रेघ पुन्हा मारता येते.

दोन आकडे एकमेकांना ओळखतात का?

आता खरी गंमत. रिपोर्टमध्ये अनेकदा वाचायला मिळतं: ‘कणांचा आकार २४ नॅनोमीटर, बँड गॅप ३.९, क्वांटम कन्फाइनमेंटमुळे गॅप वाढला.’ वाक्य भारदस्त आहे, पण त्यातले दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतात.

कण लहान झाला की इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते आणि गॅप वाढतो, हे खरं. पण ते कधी? झिंक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी साधारण २.३ नॅनोमीटर त्रिज्येत फिरते. कण त्याच्या जवळपास आला, म्हणजे ७-८ नॅनोमीटरच्या खाली गेला, तरच तिला अडचण जाणवते. ४ नॅनोमीटरच्या कणाला गॅप पाव इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास वाढतो. २४ नॅनोमीटरला? शोषणाची कड फार तर एक-दोन नॅनोमीटर सरकेल, व्यवहारात शून्य. तेव्हा गॅप ३.९ आला असेल तर रेघ चुकली, तळ वर गेला, किंवा नमुन्यात दुसरंच काही आहे. उलट २४ नॅनोमीटर आणि ३.२५ ते ३.३५ अशी जोडी आली, तर ती दिसायला कंटाळवाणी, पण विश्वासाची.

क्वांटम परिणाम खरोखर बघायचा असेल तर कण काही नॅनोमीटरवरच थांबवावे लागतात, वर एखादा रेणू चिकटवून त्यांची वाढ रोखावी लागते. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने १९९० च्या दशकात पाण्यातच मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे नॅनोकण बनवले होते, ते याच वाटेने. सल्फाइड म्हणजे ऑक्साइड नव्हे, पण युक्ती तीच.

हल्ली ‘ग्रीन सिंथेसिस’ची लाट आहे: कडुलिंब, तुळस, कोरफड यांचा अर्क घालून नॅनोकण. कल्पना वाईट नाही, पाल्यातली संयुगं कणांवर चिकटून वाढ रोखू शकतात. पण अर्कासोबत कॉस्टिकही घातला असेल, तर गाळ कॉस्टिकमुळेही पडलाच असता. म्हणून अर्क न घातलेला नमुना त्याच दिवशी, त्याच भट्टीत बनवायचा आणि दोघांचे आलेख शेजारी ठेवायचे. तो नसेल तर तुळशीने काय केलं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

बाटलीवरचं ‘नॅनो’

हे सगळं कॉलेजपुरतं राहिलं असतं तर एवढं लिहिलं नसतं. नीरा कालव्याच्या पट्ट्यात चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनी आहेत. अशा जमिनीत झिंक असलं तरी पिकाला ते उचलता येत नाही, म्हणून ऊस असो की मका, झिंक वरून द्यावं लागतं. नॅनो युरियाला केंद्राने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यानंतर झिंक आणि कॉपरची नॅनो खतंही आली. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथे पंगॅसियस माशांच्या खाद्यात झिंकचे नॅनोकण घालून माशांचा ताण कमी होतो का, यावर काम झालं आहे. म्हणजे विषय गावाच्या वेशीवरच आहे.

दुकानात मात्र ३९.५ टक्के झिंकचं झिंक ऑक्साइड सस्पेन्शनही मिळतं. तेही पांढरं, दाट द्रव. ते बेकायदा नाही, निरुपयोगीही नाही, पण ते नॅनो नाही. दोन बाटल्या शेजारी ठेवून फरक सांगता येत नाही, हे आपण वर बघितलंच. त्यामुळे विक्रेत्याने ‘नॅनो’ म्हटलं की विचारायचं: कणाचा आकार किती, आणि तो कशाने मोजला? उत्तरात टीईएम किंवा डीएलएसचं नाव आणि आकड्यांचा पट्टा आला तर पुढे बोला. ‘साहेब, एकदम बारीक आहे’ असं आलं तर किंमतही साध्या झिंकच्याच हिशेबाने करा.

विद्यार्थ्यांसाठी एक कामाची गोष्ट: आपल्या कॉलेजात एक्स-रे डिफ्रॅक्शन नसेल तर पुणे विद्यापीठ किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या सामायिक सुविधा केंद्रात नमुना पाठवता येतो. देशभरातली उपकरणं आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता आणि बुक करता येतात. नमुना देताना फक्त पीडीएफ आलेख मागू नका. कोन आणि काउंटची मूळ टेक्स्ट फाइल मागा, आणि त्याच मशीनवर त्याच सेटिंगला घेतलेल्या सिलिकॉन किंवा लँथॅनम हेक्झाबोराइडच्या स्टँडर्डची फाइलही मागून घ्या. मशीनची स्वतःची रुंदी त्यातूनच निघते.